जलपर्णी काढली तरी परत का येते? नदी शुद्ध करणारी नवी तंत्रं, सोप्या भाषेत

फेब्रुवारी-मार्च आला की पुण्याच्या मुळा-मुठेवर जलपर्णीचा हिरवा थर चढतो. डासांच्या तक्रारी सुरू होतात, पोकलेन नदीत उतरतात, डंपर भरभरून जलपर्णी निघते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मधूनमधून बातम्यांत नवी नावं येतात: नॅनोबबल, मेम्ब्रेन, फायटोरिड, जिवाणूंची पावडर. वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं की इतकी तंत्रं हाताशी आहेत, तर नदी अजून अशी का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. नदीत उतरून काम करणारं तंत्र सगळ्यात कमी उपयोगाचं असतं. नाल्याच्या आणि ड्रेनेजच्या टोकाशी काम करणारं तंत्र सगळ्यात जास्त उपयोगाचं असतं, आणि खरी चांगली प्रगती झाली आहे ती तिथेच. मात्र ती समजून घ्यायला आधी थोडी पायाभरणी करावी लागेल.

## उन्हाळ्यात नदीत वाहतं काय?

मुठेवर खडकवासला धरण आहे. पानशेत, वरसगाव आणि टेमघरचं पाणी तिथे येतं. धरणातून पाणी निघतं ते एकतर कालव्यात जातं, नाहीतर शहराच्या जलवाहिन्यांत. पावसाळ्यात विसर्ग सोडतात तेव्हा भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकरांना सांगायला नको. पण दिवाळीनंतर नदीपात्रात धरणाचं पाणी फारसं येतच नाही. मग पात्रात जे वाहताना दिसतं, ते बहुतांशी आपल्याच घरांतून, हॉटेलांतून, बाजारांतून निघालेलं पाणी असतं, काही शुद्ध केलेलं, काही तसंच.

ही गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ज्या नदीला वरून भरपूर स्वच्छ पाणी येतं, ती थोडीफार घाण पचवून टाकते. आपल्या नदीला आठ महिने ही मुभा नाही. आपण तिच्यात जे सोडू, तीच नदी.

नळाने जेवढं पाणी येतं त्याचं साधारण 80 टक्के मैलापाणी होतं, असं धरून शहरांचं नियोजन करतात. माणशी 135 लिटर पाणी धरलं तर दर माणसामागे रोज 108 लिटर. या मैलापाण्यात 99.9 टक्के पाणीच असतं. सगळा त्रास उरलेल्या 0.1 टक्क्याचा.

## घाण मोजतात कशी?

पाण्यात माशांना, किड्यांना, जिवाणूंना श्वास घ्यायला ऑक्सिजन विरघळलेला असतो. 25 अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात तो लिटरला साधारण 8 मिलिग्रॅम मावतो. अन्नाचे कण, विष्ठा, साबण असं काही पाण्यात गेलं की जिवाणू ते खायला लागतात आणि खाताना हा ऑक्सिजन वापरून टाकतात. एक लिटर पाण्यातली घाण खाऊन संपवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, त्या आकड्याला बीओडी म्हणतात.

प्रयोगशाळेत तो मोजायची पद्धत साधी आहे. 300 मिलिलिटरची काचेची बाटली काठोकाठ भरतात, आत हवेचा एकही बुडबुडा राहू देत नाहीत आणि झाकण घट्ट लावतात. सुरुवातीचा ऑक्सिजन मोजून बाटली 27 अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवतात. अंधार अशासाठी की आतल्या शेवाळाने उजेडात नवा ऑक्सिजन तयार करू नये. तीन दिवसांनी पुन्हा मोजायचं. जेवढा कमी झाला, तेवढा जिवाणूंनी खर्च केला.

मैलापाण्याचा बीओडी सहज 200 मिलिग्रॅमच्या पुढे असतो. म्हणजे एक लिटर मैलापाणी 25 लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतं. आंघोळीला योग्य नदीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे बीओडी 3 किंवा कमी आणि ऑक्सिजन 5 किंवा जास्त. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

## शुद्धीकरण केंद्रात होतं काय?

मैलाशुद्धीकरण केंद्र, म्हणजे एसटीपी, म्हटलं की लोकांना वाटतं की तिथे औषधं टाकून पाणी साफ करतात. प्रत्यक्षात तिथे जिवाणू पाळलेले असतात. जे काम नदीत होताना नदी गुदमरते, तेच काम टाकीत, हवा फुंकून, काही तासांत उरकायचं, एवढीच कल्पना आहे.

1914 मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी त्यातलं मर्म दाखवून दिलं. मैलापाण्यात हवा सोडली की जिवाणू वाढतात आणि त्यांचा तपकिरी गाळ तळाशी बसतो. हा गाळ फेकून न देता त्यातला काही पुढच्या पाण्यात मिसळला, तर शुद्धीकरण कितीतरी वेगाने होतं. आपण दही लावताना कालचं विरजण आजच्या दुधात घालतो, तसंच. विरजण चांगलं असलं की दही वेळेत आणि घट्ट लागतं, बिघडलं की सगळं पातेलं बिघडतं. एसटीपीचंही तंतोतंत तेच आहे. कुणी नाल्यात रसायनाचा टँकर रिकामा केला, की त्या केंद्रातलं विरजण मरतं आणि पुन्हा चांगलं जमायला बरेच दिवस जातात.

केंद्रावरचा अनुभवी ऑपरेटर टाकीतलं तपकिरी पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात घेतो आणि अर्धा तास न हलवता ठेवतो. गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसलं तर त्याला हायसं वाटतं. अर्ध्या तासानंतरही गाळ कापसासारखा वर तरंगत असेल, तर टाकीत दोऱ्यासारखे वाढणारे जिवाणू माजले आहेत हे तो ओळखतो. कुठलंही महागडं उपकरण न वापरता हे कळतं, आणि आजही ही चाचणी जगभर रोज होते.

## मग जलपर्णी येते कुठून?

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती बातम्यांत सहसा येत नाही. बीओडी कमी झाला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही. लघवीतून आणि विष्ठेतून नायट्रोजन येतो, त्यातूनच आणि काही डिटर्जंटमधून फॉस्फरस येतो. शेतात युरिया आणि सुपर फॉस्फेटमधून आपण जे विकत आणून टाकतो, तेच हे. जुन्या पद्धतीचं केंद्र घाण खाऊन टाकतं, पण ही खतं बरीचशी तशीच पुढे जातात. पाणी दिसायला नितळ, पण खताने भरलेलं.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. ऊन, संथ पाणी आणि खत मिळालं की साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. उन्हाळ्यातली मुळा-मुठा तिला या तिन्ही गोष्टी देते. शिवाय तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे डंपर वाहतात ते बहुतेक पाणी. काढलेली जलपर्णी काठावरच टाकली तर ती कुजते आणि तिने शोषलेलं खत पुन्हा नदीत उतरतं. जलपर्णी हे लक्षण आहे, रोग पाण्यात विरघळलेला आहे.

## नव्या तंत्रांत खरंच नवं काय आहे?

आता जरा रमण्यासारखा भाग.

पहिलं म्हणजे दाणेदार गाळ. नेहमीचा गाळ भुसभुशीत असतो, सावकाश बसतो, म्हणून तो बसायला वेगळी मोठी टाकी लागते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी परिस्थिती निर्माण केली की हळू बसणारे जिवाणू टाकीतून बाहेर जात राहावेत आणि पटकन बसणारेच मागे उरावेत. हळूहळू जिवाणूंनी स्वतःच एकत्र येऊन मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे गोल दाणे तयार केले. हे दाणे मिनिटांत तळाशी बसतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाण्याच्या बाहेरच्या थरात ऑक्सिजन असतो आणि गाभ्यात नसतो, त्यामुळे हवेत जगणारे आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू एकाच दाण्यात नांदतात. घाण, नायट्रोजन आणि फॉस्फरस तिन्ही एकाच टाकीत कमी होतात. वेगळी टाकी गेली की जागा वाचते, आणि ज्या शहरात एसटीपीसाठी जागा ताब्यात घेतानाच वर्षं जातात, तिथे हा फायदा विजेच्या बचतीहून मोठा आहे.

दुसरं, अनामॉक्स. नाव अवघड असलं तरी गोष्ट सोपी आहे. नायट्रोजन काढायचा नेहमीचा रस्ता लांबचा: आधी अमोनियाला भरपूर हवा देऊन नायट्रेट करायचं, मग हवा बंद करून नायट्रेटचा नायट्रोजन वायू करायचा. 1990च्या दशकात नेदरलँड्समधल्याच एका टाकीत असे जिवाणू सापडले की जे हा वळसा टाळतात, अमोनिया आणि नायट्राइट यांच्यापासून ते थेट नायट्रोजन वायू बनवतात. वायू हवेत निघून जातो. ऑक्सिजन निम्म्याहून कमी लागतो. एसटीपीच्या वीजबिलातला साधारण निम्मा वाटा हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचा असतो, हे धरलं की याची किंमत कळते. 2002 मध्ये रॉटरडॅमला याचं पहिलं पूर्ण आकाराचं केंद्र सुरू झालं. अडचण अशी की हे जिवाणू फार हळू वाढतात, दुप्पट व्हायला त्यांना आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यांना ऊब मानवते, ही आपल्या हवामानाची जमेची बाजू. आज ते मुख्यतः गाळ कुजवल्यावर निघणाऱ्या दाट पाण्यासाठी वापरतात, संपूर्ण मैलापाण्यासाठी अजून तेवढं जमलेलं नाही.

मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची चाळणी, तुलनेने परिचित आहे. जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, छिद्र त्याच्या एक दशांशाच्या आसपास. पाणी पलीकडे जातं, जिवाणू अलीकडे राहतात. बाहेर पडणारं पाणी अतिशय नितळ, बागेला, फ्लशला, कारखान्याला देण्यासारखं. पण चाळणी चोंदते, ती रसायनाने धुवावी लागते, काही वर्षांनी बदलावी लागते. ज्यांच्याकडे हा खर्च दरवर्षी करायची तयारी आहे, त्यांनीच तिच्या वाटेला जावं.

आणि फॉस्फरस? योग्य प्रमाणात मॅग्नेशियम मिसळलं की गाळातून निघालेल्या पाण्यातला फॉस्फरस आणि अमोनिया मिळून पांढरे खडे तयार होतात, त्यांना स्ट्रुव्हाइट म्हणतात. ते सावकाश विरघळणारं खत आहे. भारत फॉस्फेटचा खडक मोठ्या प्रमाणावर आयात करतो आणि तोच फॉस्फरस आपण नदीत सोडून जलपर्णी पोसतो, याचा मला मनापासून खेद वाटतो.

## नाल्यांचं पाणी केंद्रापर्यंत पोचतच नसेल तर?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. मुळा-मुठा प्रदूषणमुक्तीचा, जायका या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जावर आधारलेला सुमारे 990 कोटींचा प्रकल्प 2016 मध्ये मंजूर झाला. आधीची क्षमता होती रोज 477 दशलक्ष लिटर, प्रकल्पातल्या 11 केंद्रांतून आणखी 396 दशलक्ष लिटरची भर ठरली. त्यानंतर 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. इमारती आधी उभ्या राहिल्या, ड्रेनेजच्या वाहिन्या मागून. जिथे वाहिनी नाही तिथे मैलापाणी ओढ्यात जातं, ओढा नदीत. दाणेदार गाळ असो की मेम्ब्रेन, जे पाणी दाराशी आलंच नाही ते कुठलंही केंद्र शुद्ध करू शकत नाही. वाहिन्या, चेंबर, पंपिंग स्टेशन यांची बातमी कधी रंगत नाही, पण निम्मी लढाई तिथे आहे.

ओढ्यांसाठी एक चांगलं तंत्र आपल्या देशात घडलं आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने फायटोरिड नावाची पद्धत विकसित केली. खडीने भरलेला चर असतो, त्यात कर्दळ, पाणकणीस अशी दलदलीत वाढणारी झाडं लावतात आणि पाणी खडीमधून सावकाश जाऊ देतात. ही झाडं पानांतून हवा मुळांपर्यंत नेतात, मुळांभोवती जिवाणूंची वस्ती होते, आणि काम पुन्हा जिवाणूच करतात. ब्लोअर नाही, म्हणून वीज जवळजवळ नाही. माळीकाम येणारा माणूस ते सांभाळू शकतो. शाळा, वसतिगृह, छोटी वस्ती यांच्यासाठी मला यासारखं दुसरं काही दिसत नाही.

मात्र पुण्यात एक खबरदारी घ्यावीच लागेल. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुराने काय केलं, ते सहकारनगर-अरण्येश्वरचे लोक विसरलेले नाहीत. ओढ्याच्या पात्रात आडवं काहीही बांधलं, मग ते कितीही हिरवं असो, तर एका ढगफुटीत ते वाहून तरी जाईल किंवा पाणी अडवून घरात तरी घुसवेल. त्यामुळे ओढ्याचं उन्हाळी पाणी बाजूच्या जागेत वळवून तिथे शुद्ध करायचं आणि पुराला पात्र मोकळं ठेवायचं. बाजूला जागा लागते, ती ओढ्यालगत उरलेली नाही, आणि म्हणूनच ओढ्याकाठचा प्रत्येक मोकळा तुकडा बांधकामापासून वाचवायला हवा, असं मला वाटतं.

## सरळ नदीतच यंत्रं का सोडू नयेत?

कारण हिशेब बसत नाही. समजा रोज 100 दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध न होता नदीत येतंय आणि त्याचा बीओडी 200 आहे. ते पचवायला रोज 20 टन ऑक्सिजन लागेल. नॅनोबबल यंत्र एक मायक्रॉनहून लहान बुडबुडे सोडतं, ते लगेच वर येऊन फुटत नाहीत, पाण्यात रेंगाळतात, हे खरं आहे. बंदिस्त तळ्यात त्याचा उपयोग होऊ शकतो. पण वाहत्या नदीत रोज 20 टन ऑक्सिजन घालण्यापेक्षा तोच टाकीत घालणं स्वस्त आणि खात्रीचं.

जिवाणूंच्या पावडरचं तर मला अजिबात पटत नाही. मैलापाण्यात जिवाणूंची कमतरता कधीच नसते, कमतरता असते ऑक्सिजनची.

जलपर्णी खाणारे भुंगेही आहेत. 1980च्या दशकात बंगळुरूच्या तळ्यांत ते सोडले गेले आणि चांगला गुण आला. व्हिक्टोरिया सरोवरातही त्यांनी मोठं काम केलं. पण भुंगे जलपर्णी मारतात, खत काढत नाहीत. मेलेली जलपर्णी पाण्यातच कुजते. खत पाण्यात शिल्लक असेपर्यंत तिची जागा दुसरं कुणीतरी घेणार, बहुधा शेवाळ.

## केंद्र खरंच चालू आहे, हे कळणार कसं?

इथे नवं तंत्रज्ञान सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त काम करू शकतं. बीओडीचा निकाल तीन दिवसांनी येतो, तोवर ते पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं. पण ऑक्सिजन, अमोनिया, गढूळपणा मोजणारे सेन्सर दर काही मिनिटांनी आकडा देतात. अमोनिया कमी झाला की ब्लोअर आपोआप मंद करता येतो आणि वीज वाचते. रात्री दोन वाजता केंद्र बंद ठेवून पाणी तसंच सोडलं, तर आलेखावर ते लगेच उमटतं.

वरून पाहायचीही सोय आहे. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची छायाचित्रं दर पाच दिवसांच्या आसपास मिळतात आणि त्यांत 10 मीटरचा तुकडा वेगळा दिसतो. जलपर्णी कुठून सुरू झाली, कुठवर पसरली हे त्यांवर दिसतं, आणि ती छायाचित्रं कुणालाही फुकट मिळतात. पावसाळ्यात ढगांमुळे ती निरुपयोगी ठरतात, पण जलपर्णीचा मोसम तसाही उन्हाळ्याचा.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने हवेचं प्रदूषण मोजणारं 'सफर' उभारलं आणि प्रदूषणाचा आकडा रस्त्यावरच्या फलकावर आला. प्रत्येक एसटीपीच्या बाहेर, निघणाऱ्या पाण्याचा आकडा दाखवणारा असाच फलक लागावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची, म्हणजे नसांवर परिणाम करणाऱ्या गियां-बारे आजाराची साथ आली आणि दूषित पाण्याची चर्चा घराघरात पोचली. आकडे आधी समोर असतील तर अशी चर्चा साथीनंतर सुरू होणार नाही.

## एवढं करून नदी आंघोळीजोगी होईल का?

मघाचे दोन आकडे आठवा. उत्तम केंद्रातून बीओडी 10चं पाणी निघालं तरी नदीचा निकष 3चा आहे. वरून स्वच्छ पाणी येत नसेल, तर नदी 10चीच राहणार. म्हणून केंद्रानंतर पाण्याला पाणथळीसारखा आणखी एक टप्पा हवा आणि धरणातून नदीसाठी थोडा का होईना, कायम प्रवाह हवा.

'धरणात आपल्यालाच पाणी पुरत नाही, नदीला कुठून द्यायचं?' हा प्रश्न रास्त आहे. उत्तराचा एक भाग मुंढव्यात आहे. तिथल्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीचं पाणी उपसणाऱ्या विहिरीतून, पाणी जुन्या मुठा कालव्यात, ज्याला लोक बेबी कॅनॉल म्हणतात त्यात, शेतीसाठी सोडायची योजना आहे, वर्षाला साडेसहा टीएमसीची, म्हणजे साडेसहा अब्ज घनफुटांची. शेतीला शुद्ध केलेलं पाणी मिळालं की तेवढं धरणाचं पाणी सुटं होतं. पण शेतकऱ्याला मिळणारं पाणी खरोखर शुद्ध असायला हवं, नाहीतर आपण आपली घाण हवेली-दौंडच्या शेतात ढकलतो, एवढाच त्याचा अर्थ. नदीत उरलेली घाण भीमेतून उजनीत जाते, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं.

## आमच्या सोसायटीत एसटीपी आहे, मग आम्ही काय करायचं?

20 हजार चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि अशा बहुतेक सोसायट्यांत एसटीपी असतो. असतो म्हणजे चालतोच असं नाही. बिल्डरने ताबा दिला, वीजबिल आलं, ब्लोअर रात्री बंद ठेवायला सुरुवात झाली, गाळ मेला, वास सुटला, मग एसटीपी बंदच केला आणि पाणी ड्रेनेजला जोडलं, असा क्रम अनेक ठिकाणी घडतो. नंतर उन्हाळ्यात बागेसाठी तीच सोसायटी टँकर मागवते.

समितीला तीन गोष्टी पाहता येतात, त्यांना इंजिनिअर लागत नाही. एसटीपीला वेगळं वीजमीटर आहे का आणि त्याचं दर महिन्याचं वाचन सारखं आहे का? एकदम कमी झालं असेल तर ब्लोअर बंद होता. वर्षभरात गाळ किती वेळा काढला आणि तो कुठे गेला? एकदाही काढला नसेल, तर तो पाण्याबरोबर बाहेर जातोय. तिसरी ती काचेच्या नळकांड्याची चाचणी. नळकांडं प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं. रविवारी सकाळी खाली उतरून ऑपरेटरबरोबर हवेच्या टाकीतलं एक लिटर पाणी भरा, अर्धा तास थांबा आणि वरचं पाणी नितळ आहे का ते बघा.